सात महिन्यांचा माणूस

चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी या पट्ट्यात राहणाऱ्या कुठल्याही पोराच्या मोबाईलमध्ये असा मेसेज सापडेल : 'अर्जंट जॉयनिंग. १०वी, १२वी, आयटीआय, डिप्लोमा. वय १८ ते २८. हातात सोळा हजार, ओटी वेगळा. कँटीन, बस फ्री. ब्रेकवाले चालतील. आधार, पॅन, पासबुक आणि चार फोटो घेऊन येणे.' खाली ठेकेदाराचा नंबर. कंपनीचं नाव बहुतेक वेळा नसतंच. आणि त्याच पट्ट्यातल्या एचआरवाल्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं : माणसं मिळत नाहीत हो.

नोकरी नाही म्हणणारे आणि माणूस नाही म्हणणारे तळेगाव चौकाच्या एकाच ट्रॅफिकमध्ये अडकलेले असतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून इथे दोघांना समोरासमोर बसवलं आहे. मामा पिंपरीच्या एका वाहन कारखान्यातून निवृत्त झालेले, युनियनच्या कमिटीवर राहिलेले. भाची म्हाळुंग्याच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत एचआर बघते. तिच्या शॉपमध्ये चारशे माणसं राबतात, त्यातली कंपनीच्या रोलवर नव्वद. दोघंही कल्पित आहेत. त्यांची वाक्यं मात्र मी रचली असली तरी चाकणकरांना नवी वाटणार नाहीत.

मामा : माणसं मिळत नाहीत म्हणतेस. मग पावणेसहाला तुमच्या गेटवर टेंपो ट्रॅव्हलरमधून उतरतात ती कोण?

भाची : माणसं येतात मामा, मला हवी ती येत नाहीत. व्हीएमसी मशीनवर सेटर हवाय, तीन महिने झाले शोधतेय. गेटवर येतो तो ऑपरेटर. जॉब क्लॅम्प करायचा, दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं, निघालेल्या जॉबला गेज लावून बघायचं. बस. टूल बदललं की ऑफसेट द्यायला येत नाही. ड्रॉइंग पुढ्यात ठेवलं तर टॉलरन्स कुठे लिहिलाय ते सापडत नाही. आयटीआय झालेल्यांतही हीच गत. लेथवर फाइल रंगवून आलेले असतात.

मामा : हा ऑपरेटर तुमच्याकडे टिकतो किती?

भाची : सात महिने.

मामा : का गं? आठवा महिना अशुभ असतो का?

भाची : मामा, का ते तुम्हाला माहीत आहे.

मामा : माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकायचंय.

ती सांगणार नाही, म्हणून वाचकांसाठी मीच सांगतो. महाराष्ट्रात लागू असलेल्या नमुना स्थायी आदेशांत असं कलम होतं की तात्पुरत्या किंवा बदली कामगाराची मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस अखंड सेवा भरली की त्याला कायम करायचं. कामगार कपातीची नुकसानभरपाईही २४० दिवसांच्याच हिशेबावर उभी आहे. दोनशे चाळीस दिवस म्हणजे आठ महिने. त्यामुळे सातवा महिना संपत आला की पोराला 'ब्रेक' मिळतो. तो कॉट बेसिसची खोली सोडतो, गावी जाऊन येतो, आणि दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर कधी शेजारच्या, तर कधी त्याच गेटमधून आत शिरतो. कामगाराला संरक्षण देण्यासाठी लिहिलेला आकडा त्याला बाहेर काढायची तारीख होऊन बसला. कायदा करणाऱ्यांना हे अपेक्षित नसेल, पण पन्नास वर्षं ते डोळ्यांसमोर घडत असताना कुणी काही केलंही नाही.

मामा : बरं, सेटर तयार व्हायला किती काळ लागतो?

भाची : पोरगा हुशार असेल आणि वरचा माणूस शिकवणारा असेल, तर दोन वर्षं.

मामा : आणि तुम्ही सातव्या महिन्यात घालवता. तोही घालवतो, शेजारचाही घालवतो. मग सेटर येणार कुठून? पाच वर्षं चाकणमध्ये काढलेला पोरगा म्हणजे पाच वर्षांचा अनुभव नव्हे. सात महिन्यांचाच अनुभव आठ वेळा घेतलेला माणूस आहे तो.

भाची : बोलायला सोपं आहे. आता माझं ऐका. मोठ्या कंपनीचं शेड्यूल आम्हाला महिनाअखेरीस येतं. दहा तारखेला त्यात बदल होतो. एखाद्या मॉडेलची मागणी पडली की माझ्या दोन लाईन उभ्या. वर दर वर्षी भाव कमी करून मागतात. स्टील वाढलं तर बघू म्हणतात, मजुरी वाढली तर तुमचं तुम्ही बघा म्हणतात. नव्वदचे दोनशे रोलवर घेतले आणि पुढच्या तिमाहीत ऑर्डर निम्मी झाली, तर पगार कुठून द्यायचे? तुमच्या कारखान्याला बँक दारात उभी करून घेत होती. आम्हाला बिलाचे पैसे मिळायलाच दोन-तीन महिने लागतात.

मामा : म्हणजे धोका वरच्याने खालच्यावर ढकलला, खालच्याने ठेकेदारावर, ठेकेदाराने त्या लातूर-परभणीच्या पोरावर.

भाची : हो. मधल्या पायरीवर मी बसलेय, आणि शिव्याही मलाच.

या तिच्या उत्तरात खोट काढता येत नाही. वार्षिक औद्योगिक पाहणीचे आकडे बघितले तर हे एकट्या म्हाळुंग्याचं दुखणं नाही हेही कळतं. या शतकाच्या सुरुवातीला देशातल्या संघटित कारखान्यांत दर शंभर कामगारांमागे साधारण वीस कंत्राटी होते; २०२३-२४ मध्ये ते प्रमाण ४२ टक्क्यांवर गेलं. बागकाम, सफाई, कँटीन एवढ्यापुरता ठेकेदार कधीच उरला नाही. ज्या लाईनवर माल बनतो त्या लाईनवर तो आहे.

मामा : आमच्या वेळी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचा कॉल यायचा. मग अप्रेंटिस. पहिले सहा महिने नुसती कानस. चौकोनी लोखंडाचा तुकडा काटकोनात येईपर्यंत घासायचा. इन्स्ट्रक्टर गुण्या लावून उजेडाकडे धरायचा, फट दिसली की परत. तळहाताला घट्टे पडले, पण मशीन चुकतं कुठे ते नंतर कानाने कळायला लागलं. अप्रेंटिसशिप संपली, वर्षभर टेंपररी, मग परमनंट. सोसायटीचं कर्ज त्या एका कागदावर मिळालं.

भाची : आणि त्या कागदावर कुणाकुणाचं नाव यायचं तेही सांगा ना. आबांच्या ओळखीने तुम्ही, तुमच्या ओळखीने धाकटे काका. करार करताना युनियनने कामगारांच्या मुलांना प्राधान्य मागून घेतलं होतं की नव्हतं?

मामा : घेतलं होतं. त्यात वाईट काय?

भाची : ज्याचा बाप कारखान्यात नव्हता त्याने काय करायचं? आणि तुमच्या शॉपमध्ये बायका किती होत्या मामा? मशीनवर?

मामा : कँटीनला होत्या. ऑफिसात दोघी-तिघी होत्या.

भाची : मशीनवर विचारलं मी.

मामा : नव्हत्या.

भाची : माझ्याकडे असेंब्लीत निम्म्या मुली आहेत. टाटा मोटर्सने २०२२ मध्ये पुण्याच्या कारखान्यात हॅरिअर-सफारीची जुळणीची लाईन महिलांच्या हाती दिली, दीड हजारांवर मुली. तुमच्या त्या सोन्यासारख्या काळात या पोरी कुठे असत्या?

मामा गप्प बसले असं लिहायचा मोह होतो, पण तशी माणसं गप्प बसत नाहीत.

मामा : मुलींना आणलंत, चांगलं केलंत. पण कशावर आणलंत? ट्रेनी म्हणूनच ना? बाई आली तीही सात महिन्यांचीच आली. आम्ही बायकांना बाहेर ठेवलं ही आमची चूक. तुम्ही आत घेतलंत आणि दाराला बाहेरून कडी लावलीत.

भाची : सगळ्या ट्रेनी नाहीत. काही अप्रेंटिस आहेत.

इथे दोन शब्द सांगायला हवेत, कारण चाकणच्या भरतीची खरी गोष्ट या 'ट्रेनी'मध्ये आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे अप्रेंटिस हा कामगार नसतो, शिकाऊ असतो. शिकून झाल्यावर त्याला नोकरी देण्याचं बंधन मालकावर नसतं. ज्या आस्थापनेत तीस किंवा त्याहून जास्त माणसं आहेत तिला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि त्यांच्या विद्यावेतनातला चौथा हिस्सा, महिना दीड हजारापर्यंत, केंद्र सरकार भरतं. कल्पना उत्तम. पण २०१३ मध्ये तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, 'नीम' नावाची आणखी एक योजना आणली. त्यात पोरगा कुठल्या तरी एजंट संस्थेचा प्रशिक्षणार्थी, कारखान्याशी त्याचं काही नातं नाही. पीएफ नाही, ईएसआय नाही. लाईनवर मात्र तो पूर्ण शिफ्ट उभा. चाकण-रांजणगावात 'नीम'ची इतकी चलती झाली की 'कायमला आहेस का नीमला?' असं पोरं एकमेकांना विचारायची. ती योजना पुढे बंद झाली. तिची जागा 'कमवा आणि शिका'च्या नावाखाली चालणाऱ्या अभ्यासक्रमांनी घेतली. त्यातले काही खरोखर चांगले आहेत, डिप्लोमा हातात देतात. बाकीच्यांत शिकण्याचा तास शिफ्ट संपल्यावर मोबाईलवर असतो आणि दहा तास उभा राहिलेला पोरगा त्यात झोपतो.

मामा : आता तर सरकारच असं भरती करतंय. ती युवा कार्य प्रशिक्षण योजना बघ. बारावीला सहा हजार, आयटीआयला आठ, पदवीधराला दहा. सहा महिने, मग वाढवून अकरा. पोरं तलाठी कार्यालयात, शाळेत कामं करून बसली आणि नंतर कायम करा म्हणून मोर्चे काढत फिरली. सरकारनेच ब्रेक दिला म्हणायचं.

भाची : आणि सरकारी जागा एजन्सीमार्फत भरायचा जीआर?

मामा : तो २०२३ च्या सप्टेंबरात काढला, ऑक्टोबरात मागे घ्यावा लागला. पोरं रस्त्यावर आली म्हणून. चाकणची पोरं येत नाहीत, कारण कुणाचा सात महिन्यांचा घड्याळकाटा कुठे आहे ते दुसऱ्याला माहीत नसतं.

भाची : पोरांची बाजू घेताय, तर पोरांचंही ऐका. दिवाळीला गावी गेलेली चाळीस टक्के परत येत नाहीत. पाचशे रुपये जास्त मिळाले की शेजारच्या गेटला. बस कुठल्या स्टॉपवर थांबते यावरून कंपनी बदलतात. तिसऱ्या दिवशी 'मॅडम, उभं राहून पाय दुखतात' म्हणून गायब. सेफ्टी शूज घेऊन गायब! त्यापेक्षा बाईकवर डिलिव्हरी बरी म्हणतात. डोक्यावर सुपरवायझर नाही.

मामा : कंपनी त्याला सातव्या महिन्यात सोडणार हे त्याला पहिल्या दिवशी माहीत असतं. मग त्याने तिसऱ्या महिन्यात सोडलं तर तुम्ही 'अॅट्रिशन' म्हणून तक्ता करता. त्याचं जाणं ते अॅट्रिशन आणि तुमचं घालवणं ते काय?

हा प्रश्न मला या सगळ्या भांडणात सगळ्यात बिनतोड वाटतो. निष्ठा हा शब्द एचआरच्या भाषणांत फार येतो. करार सात महिन्यांचा आणि निष्ठेची अपेक्षा पस्तीस वर्षांची, हा हिशेब कुठल्याच खतावणीत बसत नाही.   

भाची : बरं, आता नव्या कामगार संहिता आल्यात ना? २१ नोव्हेंबर २०२५ पासून. मुदतीच्या कराराची सोय आहे. ठेकेदार मधून काढा, पोराला थेट कंपनीने ठराविक मुदतीवर घ्या. पगार, सोयी कायम कामगाराएवढ्याच. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं थांबायला नको, वर्षभरात हक्क. हे तरी चांगलं म्हणाल की नाही?

मामा : कागदावर चांगलं. पण वर्ष भरलं तर ग्रॅच्युइटी. मुदतच सात-आठ महिन्यांची लिहिली तर? मुदत संपली म्हणून घरी पाठवणं आता कपातीतसुद्धा मोजत नाहीत. आणि स्थायी आदेश आपल्याकडे पन्नास कामगारांच्या कारखान्याला लागू होते, ते आता तीनशेवर नेले. कारखाना बंद करायला, माणसं कमी करायला सरकारची परवानगी लागायची ती मर्यादाही शंभराची तीनशे झाली. रोलवर नव्वदच माणसं असलेल्या तुझ्या कंपनीला आता कसला धाक?

भाची : धाक नाही, हेच तर म्हणतेय. आता २४० दिवसांची भीती कमी झाली, तर मालक जास्त काळ ठेवायला तयार होतील.

मामा : होतील? तुझ्या साहेबांना विचारलंस?

भाची : विचारलं. ते म्हणाले, बघू.

मामा : 'बघू' म्हणजे नाही. चाकणात एवढं मराठी मलाही येतं.

भाची : त्यांचंही एक म्हणणं आहे. पोराला तीन वर्षं ठेवून सेटर केला, की शेजारचा दोन हजार जास्त देऊन पळवतो. शिकवायचा खर्च आमचा, फायदा त्याचा.

मामा : आणि शेजारच्याचंही हेच म्हणणं असेल.

भाची : असणारच. म्हणून कुणीच शिकवत नाही.

इथवर आल्यावर दोघांचं भांडण एकाच ठिकाणी येऊन ठेपतं, आणि ते ठिकाण कायम विरुद्ध कंत्राटी हे नाही. मामांचा काळ परत येणार नाही. यावा असंही मला वाटत नाही, ज्या कारखान्यात माझ्या बहिणीला मशीन मिळालं नसतं त्याचे गोडवे गाणं मला जमणार नाही. भाचीचं म्हणणंही अर्धं खरं आहे. तिच्यावर दबाव आहे, पण त्या दबावावर तिच्या कंपनीने शोधलेलं उत्तर तिच्याच मुळावर येतंय. शिकवणारा कुणी उरला नाही आणि शिकलेला माणूस सगळ्यांना हवा.

त्यात काम बदलतंय. २०२० च्या एप्रिलमध्ये प्रदूषणाचं बीएस-६ मानक आलं आणि बहुतेक दुचाकींतला कार्बुरेटर गेला. त्याची जागा इंजेक्शनने घेतली. कार्बुरेटरचे बारीक जेट ज्यांच्या हातावर बसले होते त्यांच्या हातांचं काय झालं, हे कुणी मोजलं नाही. आता इलेक्ट्रिक गाडीत पिस्टन नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. चाकण-भोसरीच्या शेकडो लहान शॉपचा धंदा याच तुकड्यांवर आहे. उद्या त्यांना बॅटरी पॅक जुळवणारी, हाय व्होल्टेज समजणारी, रोबोचा प्रोग्रॅम दुरुस्त करणारी माणसं लागतील. ती सात महिन्यांत तयार होत नाहीत.

भाची : मग करायचं काय, ते सांगा. भाषण नको.

मामा : तीन वर्षांचा करार लिही. दोन वर्षं शिकण्याची, एक वर्ष तुम्हाला परतफेडीचं. पगाराची पायरी आधीच कागदावर. तिसऱ्या वर्षी गेला तर ग्रॅच्युइटी घेऊन सन्मानाने जाऊ दे. चारशेतली चाळीस पोरं अशी घे, सगळी नको.

भाची : चाळीस नाही, पंधरा मागेन. पंधराला साहेब कदाचित 'बघू' म्हणणार नाहीत.

मामा : आणि गावातली?

भाची : मामा, आता स्थानिकांचं काढू नका. गावातल्या पुढाऱ्याला नोकरी नको असते, लेबरचा ठेका हवा असतो. भंगाराचा, बसचा, कँटीनचा.

मामा : जमिनी त्यांच्या गेल्यात. एमआयडीसीला कांद्या-बटाट्याची शेतं दिली त्यांनी. ऐंशी टक्के स्थानिकांचा नियम सरकारने लिहिला, पाळायला लावला नाही, मग तो पोरगा ठेकेदार झाला. झाला तर झाला.

यावर दोघांचं पटलं नाही, आणि पटण्यासारखं नाहीच. स्थानिकाने ठेका घ्यायचा आणि बीड-यवतमाळच्या पोराला सात महिन्यांवर लावायचं, या साखळीत आपलीच दोन खेडी एकमेकांसमोर उभी राहिली आहेत.

माझं मत एवढंच : गुंता मधल्या पायरीवर सुटणार नाही, वरच्या पायरीवर सुटेल. मोठ्या वाहन कंपन्या आपल्या पुरवठादारांचं ऑडिट करतात. दहा लाखांत किती तुकडे खराब निघाले ते मोजतात, जमिनीवर पिवळे पट्टे आहेत का ते बघतात, अग्निशामकाची तारीख तपासतात. लाईनवरच्या किती माणसांची वर्षाहून जास्त सेवा झाली आहे, हा एक रकाना त्या फॉर्ममध्ये घालायला काही खर्च येत नाही. आणि घातला, तर भाव ठरवताना शिकवण्याचा खर्चही धरावा लागेल. भाचीला तिच्या साहेबांकडे पंधरा पोरं मागताना हाच कागद उपयोगी पडेल, मामांचं भाषण नाही. मुख्य उत्पादनाच्या कामावर कंत्राटी माणूस लावायला नव्या संहितेत बंदी आहे. तिला 'कामाचा अचानक वाढलेला बोजा' वगैरे अपवाद आहेत. तो अचानक बोजा चाकणमध्ये बारा महिने असतो, हे कामगार खात्याच्या निरीक्षकालाही ठाऊक आहे.

तोवर ज्यांच्या घरातला पोरगा किंवा पोरगी या सोमवारी जॉयनिंगला निघाली आहे, त्यांनी एक करावं. नव्या संहितेप्रमाणे प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र मिळालं पाहिजे. ते मागून घ्या. त्यावर मालक म्हणून कंपनीचं नाव आहे की ठेकेदाराचं, हुद्दा कामगार लिहिलाय की ट्रेनी, मुदत किती आणि पीएफचा यूएएन नंबर कुठे, हे चार मुद्दे सही करण्याआधी वाचा. पत्र देत नसतील, तर मेसेजमधला तो सोळा हजारांचा आकडाही धरून चालू नका.